वर्ग शांत झाला की मला आता काळजी वाटते

डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायची पदविका, तिच्या दुसऱ्या वर्षाचा माझा छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत राहून शिकवायचा सराव, परवा संपला. भूम तालुक्यात बालाघाटाच्या डोंगराकडेला एक वस्ती आहे, तिथली जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा मला मिळाली होती. दोन खोल्या, दोन शिक्षक, ३१ पोरं, समोर लिंबाचं झाड आणि त्या झाडाखालीच काय ती मोबाईलला रेंज. जायच्या आधी आम्हाला कॉलेजात 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर' यावर दहा पानी असाइनमेंट होती, ती मी सगळ्यांसारखीच लिहिली होती, फायदे, तोटे, उपाय, निष्कर्ष. मार्क पण बरे पडले. पण आज मला कुणी तोच प्रश्न परत विचारला तर मी त्यातलं एक पान पण ठेवणार नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

दुसऱ्या आठवड्यात चौथीला अपूर्णांक घ्यायचे होते. शाळेत मोठा टीव्ही आहे, ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून दिलेला, त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवतात धूळ बसू नये म्हणून. मी रात्री बसून एक व्हिडिओ शोधला, पेनड्राइव्हवर घेतला, पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या आराखड्यात, शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात नीट लिहिलं. व्हिडिओ छान होता, रंगीत, मागं म्युझिक, एक कार्टूनची मुलगी पिझ्झा कापते आणि अर्धा, पाव, पाऊण सांगते. नऊ मिनिटं पोरं हलली पण नाहीत. चौथीचीच नाही तर शेजारी बसलेली तिसरीची पण मान वर करून बघत होती. त्या दिवशी कॉलेजातनं पाठ निरीक्षणाला मॅडम आल्या होत्या, त्यांनी माझ्या वहीत लिहिलं, वर्गनियंत्रण उत्तम.

मग मी फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहिलं आणि विचारलं मोठा कुठला. चौथीत नऊ पोरं, त्यातल्या सात जणांनी चतुर्थांश सांगितलं. का, तर तीनापेक्षा चार मोठे. एका मुलीनं तर उभं राहून मला पटवून सांगितलं, आणि तिच्या बाजूनं बघितलं तर ती बरोबरच होती, आजवर तिला मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू असंच शिकवलंय आपण. ती मुलगी व्हिडिओ संपेपर्यंत डोळा न हलवता बघत होती. म्हणजे नऊ मिनिटं ती बघत होती आणि तिच्या डोक्यात जे होतं ते जसंच्या तसं राहिलं, आणि मला ते कळलंच नाही, कारण वर्ग शांत होता.

दुसऱ्या दिवशी मी रद्दीचे गोल कापून नेले. तीन जणांत एक भाकरी वाटा, चार जणांत एक भाकरी वाटा, बस एवढंच. पाच मिनिटांत एवढा गलका झाला की शेजारच्या खोलीतनं गुरुजी बघायला आले. आणि त्या गलक्यातच मागं बसणारा एक पोरगा म्हणाला, "बाई, खाणारी वाढली की वाटा बारका येतोय." चतकोर हा शब्द त्यांच्या घरात रोज आहे, आई म्हणते की अजून चतकोर घे, आणि ज्याच्या हातात चतकोर भाकरी रोज असते त्याला मी त्यानं कधी न पाहिलेला पिझ्झा दाखवत होते. हे मला फार लागलं. व्हिडिओ चुकीचा नव्हता, तो बनवणाऱ्याला माझा वर्ग माहीत नव्हता एवढंच, आणि मला तर माहीत असायला हवा होता.

आता हे वाचून कुणी म्हणेल की मग टीव्ही नकोच. तसं मी अजिबात म्हणणार नाही, कारण मी फोनमुळंच दहावीपर्यंत आले.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी नववीत होते. घरात एकच स्मार्टफोन, तो पप्पांचा, ते सकाळी मार्केट यार्डात जायचे आणि संध्याकाळी सातला यायचे. सातनंतर तीन भावंडांत तो फोन वाटायचा. सरांनी ग्रुपवर टाकलेली पीडीएफ उघडेपर्यंत नेटपॅक संपायचा. धाकटा भाऊ चौथीत गेला होता, त्याच्यासाठी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, तो टीव्हीसमोर वही घेऊन बसायचा आणि त्याचं खरंच बरं चाललं, कारण टीव्ही कुणाला वाटून घ्यावा लागत नव्हता. मला मात्र भूमितीतली एक आकृती कळत नव्हती आणि ती विचारायला समोर कुणी नव्हतं, ते अजून आठवतं. सोलापुरात नीलमनगरला एका शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते तेव्हा, पोरं रस्त्यावर अंतर ठेवून उभी राहून भिंत वाचायची. त्याचे फोटो पेपरात बघून मला वाटलं होतं की आपल्या गल्लीत पण असं कुणी करावं. आता शिक्षिका व्हायला निघालेय तर वाटतं की त्या लोकांनी सगळ्यात आधी हे बघितलं की पोराकडं काय आहे, फोन आहे का, नसेल तर भिंत तर आहे ना, आणि मग ठरवलं.

आता फोन नाहीत असं फारसं राहिलेलं नाही. असर म्हणजे ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी, तिचा २०२४ चा अहवाल कॉलेजात आमच्याकडून वाचून घेतला होता, त्यात ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची मुलं आहेत, ८२ टक्क्यांच्या वर मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि ज्यांना येतो त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. माझ्या चौथीतली पोरं त्या वयापासून चार-पाच वर्षं लांब आहेत. म्हणजे फोन वापरायला शिकवायची गरज नाही, ते आपोआप शिकतात, पण तोच फोन आपल्या कामाला लावायचा असतो हे त्यांना कुणीतरी करून दाखवलं पाहिजे आणि ते चौथीच्या आतच दाखवलं पाहिजे असं मला वाटतं.

मी काय करून बघितलं ते सांगते.

तिसरीतला एक पोरगा वाचायला उभा राहिला की सुसाट सुटायचा. ऐकणाऱ्याला वाटावं की काय वाचतोय! पण तो अर्धं अंदाजानं वाचायचा, शब्दाचं पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं आपल्या मनानं. मी दोन-तीनदा थांबवून सांगितलं तर तो रडकुंडीला आला. मग एक दिवस मी माझा फोन घेतला, रेकॉर्डर चालू केला आणि त्याला म्हटलं की वाच, आपण नंतर ऐकू. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून तो म्हणाला की हा मी न्हाईच. मग पुस्तकावर बोट ठेवून ऐकायला लागला आणि मधेच ओरडला, "ओ बाई, हितं 'सुटला' हाय, मी 'गेला' म्हणलो!" मी काहीच बोलले नव्हते. त्याची चूक त्याला त्याच्याच आवाजात सापडली आणि कुणी बोट दाखवलं नाही म्हणून त्याला लाजही वाटली नाही. त्या दिवशी त्यानं तोच परिच्छेद सहा वेळा वाचला, मी सांगितलं नसताना.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना रेकॉर्ड करायचं होतं. इथं मला एक मोठा फायदा लक्षात आला जो आमच्या असाइनमेंटच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडं दोन इयत्ता असतात, तिसरीला गणित द्यायचं तोवर चौथीला काहीतरी लिहायला लावायचं, मग उलटं, असं दिवसभर. त्यात प्रत्येक पोराचं वाचन रोज ऐकणं होतच नाही, आठवड्यातनं एकदा झालं तरी खूप. पण चौथीतली एक मुलगी फोन सांभाळायची, दोघं दोघं जाऊन व्हरांड्यात वाचून यायचे, आणि मी संध्याकाळी खोलीवर भाजी निवडता निवडता सोळा जणांचं वाचन ऐकायची, एक-एक मिनिटाचं. कोण कुठं अडतंय ते वहीत टिपायचं आणि सकाळी त्या पोराजवळ नेमकं तेवढ्यासाठी जाऊन बसायचं. ना इंटरनेट लागलं, ना ॲप, ना लाईट, फोन चार्ज असला की झालं. आठवडा झाला की ती रेकॉर्डिंगं मी पुसून टाकायची, पोरांच्या आयांना तसं आधीच सांगितलं होतं.

पोरांचे फोटो स्टेटसला ठेवणं पण मी सोडलं. एका आईनं सरळ सांगितलं की माझ्या लेकीचा फोटो कुठं टाकू नका, आणि मला जाणवलं की बाकीच्या तीस जणांच्या घरी मी विचारलंच नव्हतं. शाळेतल्या पोरांचे फोटो टाकणं आपल्याकडं इतकं सवयीचं झालंय की त्यात परवानगी लागते हे कुणाच्या मनातच येत नाही.

टीव्ही पण लावला मी नंतर, पण विचार करून. माझ्यापुरता मी एक नियम केला की जे हातात देता येतं ते पडद्यावर दाखवायचं नाही. मटकीला मोड कसे येतात याचा व्हिडिओ कशाला, ओल्या फडक्यात मटकी बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी समोर दिसतं. पण समुद्र? त्या वस्तीवरच्या एकाही पोरानं समुद्र बघितलेला नव्हता. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे पाझर तलाव आणि उन्हाळ्यात टँकर. भरती-ओहोटी फळ्यावर काढून कशी कळणार, तिथं मी व्हिडिओ लावला, आवाज बंद करून, आणि मीच बोलत राहिले. पाणी मागं जायला लागलं तसं एकजण म्हणाला की बाई, पाणी गेलं तर मासं कुठं जात्यात? मी रिमोटनं तिथंच थांबवलं. पुढची वीस मिनिटं टीव्हीवर तेच एक चित्र उभं होतं आणि वर्ग बोलत होता. कुणी म्हणालं की मासं पण पाण्यासंगं जातात, कुणी म्हणालं काही अडकत असतील, एकीनं सांगितलं की आमच्या तळ्याचं पाणी आटलं की मासं खड्ड्यात गोळा होतात तसंच तिथं पण होत असेल, आणि हे तिनं स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलं होतं. मग पुढं लावलं तर खडकांच्या खळग्यात साठलेलं पाणी आणि त्यात खेकडे दिसले, आणि ती मुलगी उभीच राहिली जागेवर. मला वाटतं टीव्हीच्या रिमोटवर शिक्षकाच्या सगळ्यात कामाचं बटन म्हणजे थांबवायचं. आणि नेमकं तेच बटन दाबायला आम्हाला कुणी शिकवत नाही, आम्हाला पीपीटी बनवायला शिकवतात.

रणजितसिंह डिसले सरांचं नाव आमच्या कॉलेजात रोज निघतं. ते ज्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायचे ती आमच्यापासून काही फार लांब नाही, सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात. २०२० च्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटले, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे उभे होते. सगळे त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडचं सांगतात. पण मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच, ते २००९ ला तिथं गेले तेव्हा शाळा पडक्या इमारतीत होती, एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली, आणि पुस्तकाची भाषा पोरांच्या घरात नव्हती. त्यांनी आधी पोरांची भाषा समजून घेतली आणि मग क्यूआर कोडच्या मागं त्या पोरांना कळेल असं ठेवलं. आता बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, स्कॅन केले की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर जातात, आणि त्यात चांगलं साहित्य पण आहे. पण डिसले सरांच्या कोडमागं त्यांच्या वर्गातलं पोरगं होतं. माझ्या वस्तीवरच्या पोरांसाठीचं साहित्य मलाच तयार करावं लागणार, ते पुण्यात बसून कुणाला करता येणार नाही.

आणि हे काही मोबाईल आल्यावर सुरू झालेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढं कोसबाडला, तेव्हा माँटेसरी या बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती तर त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं घेऊन साधनं केली. आम्हाला हे बालशिक्षणाच्या पेपरात पाच मार्कांच्या टीपेपुरतं असतं. मला वाटतं की ते तंत्रज्ञानाच्या पेपरात पहिल्या पानावर असायला पाहिजे.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त खटकली. शाळेत तंत्रज्ञान सगळ्यात जास्त कुठं वापरलं जातं, तर लिंबाच्या झाडाखाली. हजेरी ऑनलाईन, खिचडी किती जणांनी खाल्ली ते ऑनलाईन, अमुक दिवस साजरा केला त्याचे फोटो अपलोड, कुठलीतरी लिंक आज पाचच्या आत भरा, मग सर्व्हर डाऊन. माझ्या शाळेतले दोन्ही गुरुजी मनापासून शिकवणारे आहेत, पण अकरा ते साडेअकरा एकजण हमखास फोन वर धरून झाडाखाली उभा. महिन्यातनं मीटिंगा वेगळ्या. त्या अर्ध्या तासात पंधरा पोरं वर्गात नुसती बसलेली असतात. म्हणजे आपण वर्गात तंत्रज्ञान आणलं म्हणतो आणि खरं तर त्यानं वर्गातला शिक्षक बाहेर नेला. नोकरी लागल्यावर मला पण ही कामं करावीच लागतील, टाळता येणार नाहीत हे कळतंय, पण त्या माहितीतली निम्मी जरी परत परत मागितली नाही तरी रोज दहा पोरांचं वाचन ऐकून होईल, हा हिशोब कुणीतरी मांडायला पाहिजे.

एआयचं पण लिहिते कारण आमच्या बॅचला सगळे तेच विचारतात. माझ्या निम्म्या मैत्रिणी टाचण चॅटजीपीटीवरनं काढतात. मी पण वापरलं, बेरजेची शाब्दिक उदाहरणं पटापट हवी होती तेव्हा खूप वेळ वाचला. पण त्यातली भाषा बघा, 'रमेशने बाजारातून सफरचंदे आणली'. मी ती सगळी बसून बदलली, शेळ्या, कडब्याच्या पेंढ्या, दुधाचं माप, एसटीचं तिकीट असं केलं, आणि बदलता बदलता दोन उदाहरणांत उत्तरच चुकलेलं सापडलं. म्हणजे ज्याला विषय येतो आणि वर्ग माहीत आहे त्याला त्याची मदत होते. पहिली ते चौथीच्या पोराच्या हातात मात्र मी ते देणार नाही. त्या वयात अडणं गरजेचं आहे. 'सुटला' आणि 'गेला'मधला फरक त्या पोराला स्वतःला सापडला तेव्हा त्याचं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलंय.

दिवाळीनंतर शाळेतली पोरं ३१ ची २२ झाली. ऊसतोडीला टोळ्या गेल्या, काही पोरं हंगामी वसतिगृहात राहिली, काही आजी-आजोबांकडं, पण नऊ जणं आईबापासोबत गेलीच, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. त्यात ती चौथीतली फोन सांभाळणारी मुलगी पण होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं माझा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. मी गुरुजींना विचारून तिच्या आईच्या फोनवर रोज रात्री एक व्हॉइस मेसेज टाकायला लागले, एक मिनिटाचा, एक छोटी गोष्ट किंवा एक गणित, बस. व्हिडिओ नाही, कारण नेटपॅक त्यांच्या मजुरीतनं जातो. गेले दहा-बारा दिवस दोन निळ्या रेघा यायच्या, उत्तर नाही. मी समजले की फोन दिवसभर फडात असतो, रात्री चार्जिंग मिळत नसेल, किंवा ती धाकट्या भावाला सांभाळत असेल.

काल रात्री साडेनऊला उत्तर आलं. सव्वा मिनिट. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय, आणि ती वाचतेय, सोबत नेलेल्या पुस्तकातली कविता. तिसऱ्या ओळीला अडली, थांबली, म्हणाली, "थांबा बाई, चुकलं, परत म्हणते," आणि पहिल्यापासून सुरू केली.